सिमचा खाचाच नसलेला टॅब चोरीला गेला: तक्रार कुठे, आणि कंपनीची जबाबदारी किती?

भांदूर_गल्ली

बेळगाव–कोल्हापूर बसमधून एका विद्यार्थ्याचा दहा इंची अँड्रॉइड टॅब गेला. सॅक वरच्या रॅकवर होती, निपाणी सोडल्यावर पाहिलं तर चेन उघडी. टॅब फक्त वायफायवर चालणारा आहे. चोरीचे फोन ब्लॉक करणाऱ्या सरकारी संचार साथी पोर्टलच्या अर्जात आयएमईआय (सिमवाल्या उपकरणाचा पंधरा अंकी ओळखक्रमांक) मागतात, तो या टॅबला नाहीच. बेळगावात तक्रार द्यायची, निपाणीत की कागलला, यावरही घरात दोन मतं आहेत.

दुसरा प्रश्न सगळ्यांनाच. गाडीला चेसिस नंबर असतो, चोरीची गाडी आरटीओत नाव चढवताना अडकते. टॅब बनवणाऱ्यांनी असं काही केलंय का? सीरियल नंबर कळवला तर कंपनी तो टॅब बंद पाडू शकते का?

---

मलप्रभा

दुसरा प्रश्न मोठा आहे, तो मागाहून. पहिल्या तासात लोक नेमकं उलटं करतात, म्हणून आधी क्रम.

बहुतेक जण घाबरून सगळ्यात आधी गूगलचा पासवर्ड बदलतात. त्यानं चोरीच्या टॅबवरचं खातं साइन-आऊट होऊ शकतं, मग तो टॅब शोधयादीत दिसेनासा होतो. पासवर्ड बदलायचाच आहे, पण तिसऱ्या पायरीला.

पहिली पायरी: दुसऱ्या कुणाच्या फोनवर खासगी विंडो उघडून गूगलच्या फाइंड हब मध्ये लॉगिन करा (पूर्वीचं फाइंड माय डिव्हाइस, २०२५ मध्ये नाव बदललं). टॅब निवडून आधी लॉक करा. पडद्यावर मजकूर लिहायची सोय आहे, तिथे चालू असलेला फोन नंबर आणि मराठी-कन्नड अशी एकेक ओळ टाका. टॅब ऑफलाइन दिसत असला तरी आदेश देऊन ठेवा, तो नेटला जोडला गेला की लागू होतो. दुसरी पायरी: शेवटचं ठिकाण आणि वेळ दिसते त्याचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसकट. तिसरी पायरी: मग पासवर्ड. व्हॉट्सअॅप जोडलेलं असेल तर फोनवरून त्या टॅबचं 'लिंक्ड डिव्हाइस' काढून टाका, टेलिग्रामची सत्रं बंद करा. क्रोममध्ये जपलेले पासवर्ड असतील तर बँकेचे आधी बदला.

'डेटा मिटवा' हे सगळ्यात शेवटी. मिटवल्यावर ठिकाण दिसणं कायमचं बंद होतं. मेमरी कार्ड असेल तर त्यातला डेटा दुरून मिटेलच असं धरू नका.

आणि सर्वात महत्त्वाचं: 'मिटवा' आणि 'खात्यातून काढा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिटवलं तरी मालकाच्या खात्याचं कुलूप राहतं. खात्यातून काढलं की ते कुलूप तुम्हीच उघडून दिलं. आयपॅडचंही हेच, 'फाइंड माय' मध्ये 'हरवला' अशी खूण करा, यादीतून काढू नका.

त्या टॅबला पिन किंवा पॅटर्न होता का?

---

भांदूर_गल्ली

पॅटर्न होता. खातंही त्याचंच होतं.

---

मलप्रभा

मग निम्मं काम झालेलं आहे. अँड्रॉइडचं हे कुलूप, फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन, ५.१ आवृत्तीपासून म्हणजे २०१५ पासून आहे, पण ते स्क्रीन लॉक आणि गूगल खातं दोन्ही असेल तरच धरतं. बटणं दाबून रीसेट केलं तर चालू होताना जुनं खातं किंवा जुना पॅटर्न मागतं. लॉकच नसेल तर चोर सरळ सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करतो. तो रीसेट मालकानं केल्यासारखाच धरला जातो, खातं निघून जातं आणि कुलूप लागतच नाही. पोरांच्या टॅबला "सारखं उघडायला त्रास" म्हणून लॉक न ठेवणारे पालक इथंच फसतात.

---

कचेरीकट्टा

आता पोलिसांचं.

बसमधली चोरी साध्या चोरीच्या कलमात बसत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) साध्या चोरीचं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. प्रवासी वाहनातून वस्तू गेली तर कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अर्जात "बसमधून, प्रवासात" हे शब्द पहिल्याच परिच्छेदात यायला हवेत. तिकीट जोडा, त्यावर तारीख, वेळ, गाडीचा तपशील असतो.

हद्दीचा वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. झिरो एफआयआर नोंदवून ते पुढे पाठवतात. प्रवासात घडलेल्या गुन्ह्यात तर वाहन ज्या-ज्या हद्दीतून गेलं तिथे कुठेही खटला चालू शकतो, म्हणजे काकती, यमकनमर्डी, संकेश्वर, निपाणी सगळेच. मोबाइल-मेलवरूनही खबर देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळणं हा फिर्यादीचा हक्क आहे. घेतच नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे. बेळगाव शहराच्या हद्दीत आयुक्तालय आहे, तिथे पोलीस आयुक्तांकडे.

कायदा काहीही म्हणो, सीमेवर एक व्यवहारी गोष्ट लक्षात घ्या. गुन्हा शेवटी ज्या ठाण्यात राहील, टॅब सापडल्यावर त्याच हद्दीच्या कोर्टात फेऱ्या माराव्या लागतात. कागलला नोंद झाली तर कागद मराठीत, पण दर तारखेला घाट उतरायचा. निपाणीत किंवा बेळगावात झाली तर एफआयआर कन्नडमध्ये. चोरी नक्की कुठे झाली हे कळत नसेल तर राहत्या जागेला जवळचं ठाणं बरं.

---

निपाणीकर

कन्नड लिहिता येत नाही म्हणून कितीतरी जण स्टेशनपर्यंत जातच नाहीत की ओ. रायटर (ठाण्यात नोंद लिहिणारा पोलीस) जे लिहील त्यावर सही.

---

कचेरीकट्टा

राज्यघटनेचं कलम ३५० आहे: गाऱ्हाणं मांडायचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीत अर्ज द्या. पण रायटरला शेवटी कन्नडमध्ये टंकावंच लागतं, त्यामुळे ज्याला येतं त्याच्याकडून कन्नड प्रत करून सोबत लावली तर नोंद त्याच दिवशी होते. सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, तसं कायद्यातच आहे. त्यात तीन गोष्टी तपासा: सीरियल नंबर बरोबर टंकला आहे का, 'चोरी' हा शब्द आहे का, बसचा उल्लेख आहे का. सीरियल नंबरात शून्य आणि ओ, एक आणि आय यांची गल्लत हमखास होते.

विमा असेल तर एफआयआरचं इंग्रजी भाषांतर लागू शकतं, कारण दावे पुण्या-मुंबईच्या कचेरीत तपासले जातात. आधीच करून ठेवा.

---

निपाणीकर

ई-लॉस्टवर ऑनलाइन तक्रार टाकली तर चालत नाही का? पाच मिनिटांत पावती येते.

---

कचेरीकट्टा

नाही. कर्नाटक पोलिसांचं ई-लॉस्ट हे हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. ती पावती म्हणजे 'हरवला' अशी तुमचीच कबुली. तपास होत नाही आणि विमावाला तीच पावती पुढे करून दावा नाकारतो, कारण बऱ्याच पॉलिसींत चोरी भरून मिळते, विसरून राहिलेली वस्तू नाही. चेन उघडी सापडली, सॅक कापली गेली, हे जे झालं तेच लिहा.

---

भांदूर_गल्ली

सीरियल नंबर कुठे मिळेल? खोका फेकून दिलाय. आणि एकानं सांगितलं की वायफायच्या मॅक अॅड्रेसवरून (टॅबच्या वायफायचा ओळखक्रमांक) सायबरवाले शोधतात.

---

मलप्रभा

बिलावर पाहा. नसेल तर ऑनलाइन घेतला असल्यास ऑर्डरच्या पावतीत असतो. सॅमसंगचं वेगळं खातं उघडलं असेल तर तिथल्या उपकरण-यादीतही बघा. आयपॅडचा नंबर अॅपल खात्याच्या उपकरण-यादीत सरळ दिसतो.

मॅकचं विसरा. मॅक अॅड्रेस घरातल्या राउटरपुरताच असतो, त्याच्या पुढे नेटवर जातच नाही. शिवाय अँड्रॉइड १० पासून आणि आयपॅडओएस १४ पासून प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक दिला जातो.

उपयोग आयपीचा, म्हणजे नेटजोडणीच्या पत्त्याचा होतो. टॅब उघडा असताना चोरानं नेट जोडलं आणि जीमेल सिंक झालं तर संगणकावर जीमेलच्या अगदी तळाशी उजवीकडे 'तपशील' मध्ये अलीकडच्या वापराची वेळ आणि आयपी दिसतात. ती यादी छापून तपास अधिकाऱ्याला द्या. ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली नोटीस काढून नेटपुरवठादाराकडून ग्राहकाचं नाव मागवू शकतात. वेळ सेकंदापर्यंत लागते, कारण मोबाइल डेटावर एकच आयपी एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरत असतात. नुसता आयपी आणि "दुपारी कधीतरी" यातून काही निघत नाही.

नकाशावर ठिपका दिसला तर स्वतः जाऊ नका. आसपासच्या राउटरांवरून काढलेलं ठिकाण असतं ते. खडेबाजारासारख्या दाट वस्तीत ठिपका बऱ्यापैकी जवळ पडतो, पण खेड्यात राउटरच चार, तिथे तो भलत्याच घरावर बसतो. वायफायवाल्या आयपॅडला तर जीपीएस नसतंच.

---

निपाणीकर

सिमवाला टॅब असता तर रस्ता सरळ होता, ज्यांच्याकडे तसा आहे त्यांच्यासाठी लिहितो. आयएमईआय आत्ताच लिहून ठेवा: डायलर असेल तर *#०६#, नसेल तर सेटिंगमध्ये 'टॅबबद्दल'. खोका नसला तरी फाइंड हब मध्ये टॅबच्या नावाशेजारच्या 'i' वर टिचकी मारली की दिसतो.

चोरी झाली की आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम. संचार साथीच्या अर्जाला ओटीपी लागतो आणि सिम बदलल्यावर चोवीस तास मेसेज बंद असतात, तेव्हा उशीर केला की सगळंच पुढे जातं. आपल्याकडे बऱ्याच जणांचे नंबर महाराष्ट्र सर्कलचे असतात. बेळगावात बदलून मिळतो का ते आधी फोन करून विचारा, नाहीतर चंदगड, गडहिंग्लज, कागल. अर्जात पोलीस तक्रारीची प्रत आणि नंबर, बिल, ओळखपत्र लागतं, राज्य-जिल्हा-ठाणं निवडावं लागतं, म्हणून तक्रार आधी. नंतर विनंती क्रमांक येतो, तो जपा, टॅब मिळाल्यावर त्याच क्रमांकावर ब्लॉक काढता येतो. ब्लॉक चोवीस तासांत देशभरच्या सगळ्या कंपन्यांत लागतो. कुणी नवं सिम घातलं की पोलिसांना माहिती जाते, ब्लॉक केल्यानं माग थांबत नाही.

सिमला पिन लावून ठेवा. टॅबचं सिम कुणी वापरत नाही म्हणून कुणी लावत नाही, आणि चोर तेच काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेतो.

---

सोल्डरगन

आता धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. कंपनी सीरियल नंबर घेऊन टॅब बंद पाडते का? मालकानं खात्यातून कुलूप लावलं तर हो. नुसता एफआयआर मेल केला तर नाही.

चोरी रोखायला कंपन्यांनी केलेली कामाची गोष्ट एकच, चोरलेला माल निरुपयोगी करणं. अॅपलनं आयओएस ७ बरोबर २०१३ मध्ये अॅक्टिव्हेशन लॉक आणलं. त्यात कुलूप टॅबच्या आत नसतं, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. टॅब कितीही वेळा पुसा, चालू होताना तो सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर मालकाचं खातं मागतो. अँड्रॉइडवरचं कुलूप टॅबच्याच साठवणीतल्या एका छोट्या भागात असतं. म्हणून त्याचा भक्कमपणा चिपसेट, बूटलोडर (टॅब चालू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम) आणि शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला यावर ठरतो. पाच-सात हजारांच्या टॅबना एखादा अपडेट येतो आणि पुढे कुणी विचारत नाही. सापडलेली पळवाट तशीच उघडी राहते. अँड्रॉइड १५ मध्ये गूगलनं सेटअप चुकवून आत शिरण्याच्या वाटा बऱ्याच बुजवल्या, पण तो अपडेट स्वस्त टॅबला मिळणारच नाही तर उपयोग काय? ज्यांनी विकासक पर्यायांत (डेव्हलपर ऑप्शन्स) 'ओईएम अनलॉक' चालू ठेवलंय त्यांनी आजच बंद करावं, ते चालू असलं तर कुलूप कागदाचं.

आणि आता माझा राग. प्रत्येक ठिकाणी टॅब हे सावत्र लेकरू आहे. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये 'किल स्विच' चा कायदा केला, १ जुलै २०१५ नंतर बनलेल्या फोनना लागू; व्याख्येतून टॅबलेट वगळले. गूगलनं २०२४ मध्ये हिसका मारून पळाल्याचं ओळखून आपोआप लॉक होण्याची सोय आणली, टॅब वगळले. अॅपलचं 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' जानेवारी २०२४ मध्ये आलं, फक्त आयफोनला. आपल्या सरकारची यादी आयएमईआयवर चालते, वायफाय टॅबला तो नाही. २०२५ च्या शेवटी संचार साथी अॅप आधीच घालून द्या असा आदेश निघाला आणि काही दिवसांत मागे घेतला गेला, तोही मोबाइल हँडसेटपुरताच. म्हणजे वायफाय टॅबच्या बाबतीत राज्य आणि नेटवर्क दोघंही हात वर करतात, उरतं फक्त कंपनीचं कुलूप. निदान तेवढं तरी विकत घेतल्या दिवसापासून आपोआप लागलेलं हवं.

एक गोष्ट अगदी सोपी होती. सीरियल नंबर टाकून वस्तू कुलूपबंद आहे का हे कुणालाही पाहता येईल असं पान अॅपलनं २०१४ मध्ये दिलं होतं. जानेवारी २०१७ मध्ये काढून टाकलं. जुना माल घेणाऱ्याला तेवढं एक पान पुरलं असतं.

---

मलप्रभा

आयपॅडवाल्यांसाठी पुरवणी. 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' नाही, म्हणजे ज्याला तुमचा पासकोड दिसला तो अॅपल खात्याचा पासवर्डही बदलू शकतो. यावर उपाय: स्क्रीन टाइममध्ये वेगळा पासकोड घालून 'खात्यातील बदल' आणि 'पासकोड बदल' यांना मनाई करा. दोन्ही पासकोड एकच ठेवू नका, नाहीतर कशाला एवढा खटाटोप. आणि लॉक असताना कंट्रोल सेंटर उघडणं बंद करा, म्हणजे चोराला पहिल्याच मिनिटाला वायफाय तोडता येत नाही. सॅमसंगमध्ये 'सुरक्षित लॉक सेटिंग' मध्ये नेटवर्क लॉक करायचा पर्याय आहे, तोच हा.

---

वडगाव_विणकर

कुलूप घट्ट केल्यानं चोरी थांबते हे अर्धं खरं आहे. कुलूपबंद टॅब भंगारात जात नाही, सुटा होतो. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची फ्लेक्स, स्पीकर. बोर्ड फेकतात. मग कंपन्या म्हणतात सुटे भागही नोंदवू, आयफोनला आयओएस १८ पासून तसं केलं आहे. त्याचा फटका गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला. इमानदारीनं मेलेल्या टॅबमधून काढलेला डिस्प्लेही मग चालत नाही, आणि ग्राहकाला सांगतात नवीन घ्या. चोराच्या नावाखाली दुरुस्ती मारायची ही युक्ती आहे.

---

सोल्डरगन

मान्य, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. 'हा भाग आमच्याकडून घेतला नाही म्हणून चालणार नाही' हे चूक. 'हा भाग मालकानं हरवला म्हणून खूण केलेल्या टॅबमधला आहे म्हणून चालणार नाही' हे बरोबर. पहिल्यात कंपनीचा गल्ला आहे, दुसऱ्यात मालकाचा हक्क. कंपन्या दोन्ही एकाच पुडीत बांधून विकतात, तिथे तुमचं म्हणणं खरं.

अपडेटचं मात्र कायद्यानं होऊ शकतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब दोन्हींना नियम लागू झाला: विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट द्यायचे. तिथे टॅबचं नाव स्पष्ट लिहिलंय, वगळलं नाही. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' चं पोर्टल आलं, पण त्यात कंपन्यांवर असं बंधन नाही.

---

खडेबाजार_कोपरा

जुना टॅब घेणाऱ्यांसाठी, कारण चोरीचा माल शेवटी घेणाराच लागतो. सुरू असलेला टॅब दाखवला तर समोर रीसेट करायला सांगा आणि पूर्ण सेटअप होऊन होम स्क्रीन येईपर्यंत थांबा. दुकानाचं वायफाय नको, आपल्या फोनचा हॉटस्पॉट द्या. आयपॅडला "मालकाशी लॉक केलेला" असं आलं की विषय संपला, "उद्या काढून देतो" म्हणाले तरी पैसे उद्याच. सिमवाला असेल तर केवायएम, मोकळी जागा आणि पंधरा अंकी आयएमईआय असा मेसेज १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत किंवा डुप्लिकेट असेल तर कळतं. २०२५ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा सुधारणा नियमांनी जुने हँडसेट विकणाऱ्यांवर ही तपासणी बंधनकारक केली आहे. आयएमईआय खोडणं-बदलणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे.

नवा घेतानाही कच्चं बिल घेऊ नका. चारशे-पाचशे वाचतात आणि सीरियल नंबर लिहिलेला एकही कागद हाती राहत नाही. मग पोलीस, विमा, कंपनी कुणाकडेच मालकी सिद्ध होत नाही. आयपॅडचा पासवर्ड विसरला तर अॅपल कुलूप काढून देते, पण नंबर छापलेल्या मूळ बिलावरच.

---

घटप्रभा

क्लासेस आणि शाळांनी पाच-दहा टॅब घेतले असतील तर प्रत्येकात एखाद्या सरांचं खासगी जीमेल घालू नका. सर नोकरी सोडतात आणि टॅब तुमचाच तुम्हाला उघडत नाही. सॅमसंगला नॉक्स मोबाइल एनरोलमेंट, इतर अँड्रॉइडला झीरो-टच, आयपॅडला अॅपल स्कूल मॅनेजर. सीरियल नंबर संस्थेच्या नावावर नोंदतो आणि रीसेट केल्यावरही टॅब संस्थेचाच म्हणून उघडतो. अट एवढीच, ही नोंद बहुतेक वेळा अधिकृत विक्रेत्यालाच करता येते. म्हणून कोटेशन मागवतानाच "एनरोलमेंटसह" असं लिहून घ्या, नंतर दुकानदार ओळख दाखवत नाही.

---

भांदूर_गल्ली

निपाणीत तक्रार नोंदली, कलम ३०५ घातलंय. सीरियल नंबर ऑर्डरच्या पावतीत मिळाला. आज एक मेसेज आला, "तुमचा टॅब सापडला, ठिकाण पाहण्यासाठी लॉगिन करा" आणि खाली लिंक. पडद्यावर टाकलेल्या नंबरवरच आला.

---

मलप्रभा

उघडू नका! तुमच्या कुलपानं अडवलंय, म्हणून तुमच्याकडूनच किल्ली मागतायत. गूगल किंवा अॅपल असा मेसेज पाठवून लिंकवर लॉगिन मागत नाहीत. स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचा नंबर आणि लिंक जशीच्या तशी तपास अधिकाऱ्याकडे द्या, टॅब कुणाच्या हातात पोचलाय याचा तोच सगळ्यात ताजा धागा आहे.

---

कचेरीकट्टा

सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जप्त होईल, ठाण्यातून थेट हातात देत नाहीत. निपाणी कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, सोबत बिल, सीरियल नंबर, ओळखपत्र, आणि कोर्ट म्हणेल तेवढ्या रकमेचा बाँड. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नये, फोटो-पंचनामा करून मालकाला द्यावा. अर्जात त्याचा उल्लेख करा. आणि फाइंड हबमधून लावलेलं लॉक टॅब हातात येऊन पॅटर्ननं उघडेपर्यंत काढू नका, ठाण्यातून फोन आला तरी.